कल्पित माणसांचे सांगाडे

गेल्या पावसाळ्यात विज्ञानकथांच्या एका स्पर्धेचे परीक्षण करण्याचा प्रसंग आमच्यावर आला. साहित्याच्या प्रांतात आमचा अधिकार केवळ वाचकाचा; प्राणिशास्त्र शिकविण्यात तीस वर्षे गेली, एवढ्याच पुण्याईवर ही कामगिरी आमच्याकडे आली असावी. हस्तलिखितांचा गठ्ठा घेऊन बसलो आणि चार दिवसांत परग्रहांवरील इतक्या मानवजातींची गाठ पडली की, रात्री डोळे मिटताच त्या रांगेने पुढे उभ्या राहू लागल्या. कोणी पंधरा फूट उंच, कोणी चार हातांचे, कोणी पंखांचे, कोणी हिरव्या कातडीचे. मौज अशी की, बाहेरून एवढे वैचित्र्य असूनही ही सारी मंडळी सदाशिव पेठेतील गृहस्थांप्रमाणेच बोलत, रुसत आणि संसार करीत. डोक्यावरची शिंगे काढून खुंटीला अडकविली असती, तर ती परग्रहावरची आहेत असा संशयही कोणास आला नसता.

पंखवाल्या मानवांची कथा लिहिणारा तरुण पुढे आम्हांस भेटला. ‘या लोकांच्या छातीचे स्नायू केवढे?’ असे विचारताच तो हसून म्हणाला, ‘सर, ही कल्पना आहे. कल्पनेला स्नायू कशाला हवेत?’ मुलगा बुद्धिमान आहे, त्याची भाषाही चांगली आहे. म्हणूनच हे उत्तर आम्हांस अधिक बोचले. आपल्या विज्ञानकथेत रुजलेला एक मोठा भ्रम या एका वाक्यात साठविलेला आहे आणि त्याचा समाचार घेणे अवश्य आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. पुराणांतील दशानन, नृसिंह किंवा घटोत्कच यांच्याशी आमचे भांडण नाही. एका मानेवर दहा मस्तके कशी बसली, असे रामायण ऐकताना विचारणारा मनुष्य शास्त्रज्ञ नव्हे, अरसिक होय. कोकणातील दशावतारी खेळात गणपतीचा मुखवटा चढवून नट पुढे येतो, तेव्हा प्रेक्षक हात जोडतात; मुखवट्यातील दात कोणी मोजीत नाही. त्या सृष्टीचा करारच अद्भुताचा आहे. परंतु आपल्या कथेस ‘विज्ञान’ हे विशेषण लावणारा लेखक वाचकाशी निराळा करार करतो. निसर्गाचे ज्ञात नियम मी मोडणार नाही, मोडलाच तर एखादा मोडीन आणि तोही सांगून मोडीन, असे त्याचे वचन असते. विशेषणाची प्रतिष्ठा घ्यावयाची आणि वचन मात्र पाळावयाचे नाही, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

हा करार मराठीस नवा नाही. मराठी विज्ञान परिषद 1966 साली स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेत 1974 साली ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकास पात्र ठरली. हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर, हे मागाहून प्रकट झाले. 2025 साली पुण्यात निवर्तलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने मराठी वाचकास गुरुत्वाकर्षण आणि प्रकाशाचा वेग यांचा धाक बसविला. आज अगदी नवखा लेखकही यान प्रकाशाहून वेगाने नेताना अडखळतो, निदान एखादी सबब तरी सांगतो. पण तेच यान परग्रहावर उतरले आणि दार उघडले की सारा संकोच संपतो. आकाशातील दगडांनी नियम पाळावेत आणि जिवंत देहांनी ते खुशाल मोडावेत, असा हा विलक्षण न्याय आहे. जणू जीवशास्त्र हे शास्त्रच नव्हे, सोंगाड्याची पेटी आहे!

आता देहांस नियम कोणते ते पाहू. पंधरा फुटी माणूस घ्या. सहा फुटी माणसाच्या तो अडीचपट उंच. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही त्याच प्रमाणात वाढविल्या, तर त्याचे वजन पंधरापटींहून अधिक होते. सत्तर किलोंचे सुमारे अकराशे किलो. परंतु तो भार तोलणाऱ्या हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ वाढते केवळ सव्वासहापट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर अडीचपट ओझे. अशा माणसाने हत्तीचे खांबासारखे पाय घ्यावेत आणि उड्या मारण्याचा विचार सोडून द्यावा. गॅलिलिओने हे 1638 साली सांगून ठेवले आहे; पुढे भारताचे नागरिक होऊन 1964 साली भुवनेश्वर येथे देह ठेवणाऱ्या हॉल्डेनसाहेबांनी 1926 साली आपल्या एका प्रसिद्ध निबंधात कथांतील राक्षसांचाच दाखला घेऊन ते पुन्हा समजाविले. ‘आमच्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण कमी आहे’ असे कोणी म्हणेल. अवश्य असू द्यावे. पण मग तेथे पाऊसही सावकाश पडेल, भिरकावलेला दगडही दूर जाईल. ते सारे कथेत कोठे आहे?

पंखांचे तसेच. पृथ्वीवर पाठीचा कणा असलेल्या ज्या प्राण्यांस पंख लाभले, त्या सर्वांस ते पुढच्या पायांच्या मोबदल्यात लाभले. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच. ताणलेल्या बोटांवर कातडे पसरलेले. आपले चार अवयव हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या माशांच्या परांपासून वारशाने आलेले आहेत, आणि त्या वारशात पाचव्या-सहाव्याची तरतूद नाही. दोन हात ठेवून वर दोन पंख हवे असतील, तर त्या ग्रहावरच्या माशांपासून आरंभ करून सहा अवयवांची वंशावळ मांडावी लागेल. तेथील कुत्रे, गुरे, सरडे सारेच सहा अवयवांचे दिसावे लागतील. शिवाय वजनाचा प्रश्न राहतोच. आपल्या सोलापूरकडच्या माळरानांवर ज्याच्यासाठी अभयारण्य राखले, तो माळढोक आज उडणाऱ्या अत्यंत वजनदार पक्ष्यांपैकी एक; त्याच्या नराचे वजन पंधरा किलोंच्या आसपास भरते. सत्तर किलोंच्या नायकाने नायिकेस उचलून आकाशात झेप घ्यावी, हे कोणत्या छातीच्या बळावर? हिरव्या कातडीवर सूर्यप्रकाश झेलून अन्न तयार करणारांचा हिशेब याहून सोपा आहे. वृक्ष एका जागी उभा राहतो, फारसा खर्च करीत नाही आणि असंख्य पाने पसरतो; धावणाऱ्या, विचार करणाऱ्या, ऊब राखणाऱ्या देहाची भूक चार हात कातडीच्या मिळकतीवर भागत नाही.

तर मग परग्रहावर मानवसदृश प्राणी कल्पूच नयेत काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. शार्क हा मासा आणि डॉल्फिन हा सस्तन प्राणी. दोघांचा वंश निराळा, पण पाणी कापण्याचा धंदा एक, म्हणून आकार सारखा. त्याचप्रमाणे मोकळे हात, उंच डोळे आणि तोंडाजवळ एकवटलेली ज्ञानेंद्रिये ज्यास उपयोगी पडतील, असा माणसासारखा प्राणी अन्यत्र घडणे अशक्य नाही. मात्र त्याचे सारखेपण आणि वेगळेपण, दोहोंसही कारण हवे. कसे, ते एच. जी. वेल्स यांनी 1895 साली ‘टाइम मशीन’मध्ये दाखविले. हक्स्लेसाहेबांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेला हा लेखक. त्याचे मॉरलॉक फिकट आहेत, कारण त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली राबले. त्यांचे डोळे मोठे आहेत, म्हणूनच त्यांस उजेड सोसत नाही, आणि म्हणूनच नायकाच्या हाती एक आगकाडी हे शस्त्र ठरते. देहाच्या कारणातून कथानक निघाले आणि इंग्लंडातील मालक-मजुरांच्या भेदावर टीकाही त्यातूनच निघाली. शिंगे चिकटविणारास हे साधत नाही.

येथवरचा दोष केवळ आळसाचा म्हणता येईल. खरी भीतीची गोष्ट पुढेच आहे. त्या गठ्ठ्यातील बहुतेक कथांत शहाणी जात उंच, गोरी व मोठ्या मस्तकाची होती. क्रूर जात ठेंगणी, काळी व बसक्या नाकाची होती. असे का, याचे कारण एकाही लेखकाने दिले नव्हते, कारण ते त्यास ठाऊकच नव्हते. देहास निसर्गातील कारण दिले नाही म्हणजे ती जागा रिकामी राहत नाही. लेखकाच्या मनातील जुना पूर्वग्रह तेथे गुपचूप येऊन बसतो.

या पूर्वग्रहाचा इतिहास आपणांस परका नाही. 1901 च्या जनगणनेचे अधिकारी रिस्ले यांनी नाकाच्या मापाचा जातीच्या उच्चनीचतेशी संबंध जोडला होता. आणि याच पुण्याच्या इरावती कर्वे 1930 च्या सुमारास बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधन करीत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाची खूण आहे, या फिशर यांच्या तर्कास पुरावा गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. बाईंनी कवट्या मोजल्या, आणि कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असे त्या तर्काविरुद्धच लिहिले. गुरू समोर, देश परका, पदवी त्यांच्याच हाती, आणि तरीही माप खोटे लिहिले नाही. ज्यांचे ऐकावयास त्यांनी नकार दिला, त्या फिशर यांची विद्या पुढे नाझींच्या वंशधोरणास कशी उपयोगी पडली, हे जगास ठाऊक आहे. याच विदुषीने पुढे ‘युगान्त’मध्ये खांडववनात जाळले गेलेले नाग हे सर्प नसून माणसे असली पाहिजेत, असा विचार मांडला. शेजाऱ्यास निराळी योनी ठरविले की त्यास जाळणे सोपे जाते.

मोठ्या मस्तकाच्या समजुतीचे पुढे काय झाले तेही ऐका. 2003 साली इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर सुमारे साडेतीन फूट उंचीच्या मानवजातीचे अवशेष सापडले. मेंदू आपल्या मेंदूच्या एकतृतीयांशाएवढा. तरी त्याच गुहेत दगडाची हत्यारे मिळाली. निअँडरथल मानव तर कित्येक दशके रानटी म्हणून चितारला गेला. 2010 साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा कळले की आफ्रिकेबाहेरच्या सर्व लोकांत, अर्थात तुमच्याआमच्यातही, त्याचा शेकडा एक ते दोन भाग वारसा आहे. ज्यास आपण परजात म्हणून हिणविले, तो सोयरा निघाला! निसर्गाने घडविलेल्या या खऱ्या मानवजाती आपल्या लेखकांच्या कल्पनेपेक्षा किती अधिक धाडसी आहेत, याचा विचार व्हावा.

‘वाचकास कथा हवी, प्राणिशास्त्राचा धडा नको,’ हा शेवटचा आक्षेप. तो आम्हांस मान्य आहे. सांगाडा अंगाबाहेर दिसावा, असे कोण म्हणतो? पण तो आत नसेल तर देह उभा राहत नाही. लेखकाने वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत: हा प्राणी खातो काय, कोणापासून जन्मला, पिले कशी वाढवितो आणि त्याच्या या अवयवाने त्याचा कोणता तोटा केला? ती वही वाचकास दाखविण्याची गरज नाही.

आमच्या त्या तरुण मित्राने कुरकुरत का होईना, हे केले. पंख ठेवावयाचे तर हात गेले, आणि वजन दहा किलोंवर आणावे लागले. मग त्याच्यापुढे प्रश्न आला, की हात नसलेली आई उडताना मूल कशाने धरील? दोन महिन्यांनी तो नवी कथा घेऊन आला. तीत एका आईस पुरातून उडून जावयाचे आहे. पायांच्या पकडीत एकच मूल मावते आणि घरट्यात दोन आहेत. शिंगे नाहीत, हिरवे कातडे नाही. वाचून झाल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. छातीच्या स्नायूंविषयी त्यास पुन्हा विचारावे, असे वाटले नाही.