आधी फ्यूज, मग दिवे

रात्री माल चढवताना उजेड हवा म्हणून भाच्याने ट्रकच्या हौद्यात चार दिवे लावले आणि बॅटरीपासून थेट वायर ओढली. म्हणाला, “मामू, चारच तर दिवे आहेत!” मी विचारले, “बेटा, रात्री याच केबिनमध्ये झोपतोस ना?”

मग दोघांनी मिळून ३ मिलिमीटर पत्र्याची पट्टी काटकोनात वाकवली. भोकांच्या कडा कानशीने घासून रबर बसवले. नाहीतर धारदार कड हादऱ्यांनी वायरचे आवरण कापते. पट्टी बॅटरीशेजारीच बसवून तिच्यावर फ्यूज आणि २४ व्होल्टचा रिले लावला.

हिशेब सोपा आहे. ७० वॅटचे चार दिवे म्हणजे २८० वॅट. २४ व्होल्टवर साधारण १२ अँपिअर. म्हणून फ्यूज १५ चा आणि वायर त्याहून जास्त पेलणारी. रिलेच्या ३० नंबरला फ्यूजची वायर, ८७ ला दिवे, ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढावी, सर्वांत शेवटी लावावी.

फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर चेसीला घासून उघडी पडली, तर फ्यूज उडतो. फ्यूज नसेल, तर वायर पेटते.

तो चहाच्या पैशांत मिळतो. तुमच्या घरी कुणी ट्रक चालवत असेल, तर आजच विचारा: फ्यूज लावलाय ना?