ओळख नसलेल्याचे भाडे

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की सांगलीच्या विश्रामबागेत स्फूर्ती चौकापासून वारणालीपर्यंत विजेच्या खांबांवर, झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर आणि खानावळींच्या दारांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या झळकू लागतात : ‘खोली भाड्याने देणे आहे, फक्त मुलींसाठी’, ‘कॉट बेसिसवर दोन जागा’, ‘दहावीच्या गणितासाठी शिकवणी घेणारा विद्यार्थी पाहिजे’, ‘ड्राफ्टर व पहिल्या वर्षाची पुस्तके विकणे आहे’. जतहून किंवा आटपाडीहून एसटीने मुलाला घेऊन आलेल्या बापास त्या वाचून असे वाटते की निवारा, काम आणि वापरलेल्या वस्तू या तिन्हींचा बाजार येथे राजरोस मांडलेला असून, खिशात बेताचे पैसे आणि अंगात थोडी चिकाटी असली म्हणजे संध्याकाळच्या गाडीपूर्वी सर्व तजवीज होऊन जाईल. वस्तुतः त्या चिठ्ठ्या म्हणजे या बाजाराचा उरलासुरला गाळ होय. जी खोली हवेशीर, जिचे भाडे माफक आणि जिचा मालक समंजस, ती खांबावर कधीच येत नाही. ती मे महिन्यातच वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने आपल्या गावच्या किंवा आपल्या नात्यातल्या मुलासाठी तोंडी शब्दावर धरून ठेवलेली असते. शिकवणीचेही तेच आणि पुस्तकांचेही तेच.

या वस्तीचा पूर्वेतिहास पाहता हे थोडे विलक्षणच म्हटले पाहिजे. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीची गादी मांडली, तेव्हापासून ही दोन गावे एकमेकांकडे जराशा संशयानेच पाहत आली. आणि त्या दोहोंच्या मधल्या या मोकळ्या माळावर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय उभे राहिले, पुढे धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आले, ज्यास १९५५ पासून वालचंदांचे नाव लाभले, आणि मागाहून वाणिज्याचेही शिक्षण येथेच मिळू लागले. म्हणजे विश्रामबाग ही कोणाच्या वाडवडिलांची वस्ती नव्हे. ती मुळातच परगावच्या मुलांमुळे वाढलेली, त्यांच्या भाड्यावर आणि भोजनखर्चावर बाळसे धरलेली वस्ती आहे. अशा ठिकाणी तरी परक्याला परकेपणाचा भुर्दंड पडू नये, अशी अपेक्षा बाळगणे गैरवाजवी नाही.

परंतु खोली पाहावयास गेलेल्या मुलाला प्रथम भाड्याचा आकडा सांगितला जात नाही. ‘कुठलं गाव तुमचं?’, ‘आडनाव काय?’, ‘इथं ओळखीचं कोणी आहे का?’ आणि मग जरा आवाज खाली आणून, ‘मांसाहार वगैरे करता का?’ अशा चढत्या क्रमाने घरमालकीण काकूंची उलटतपासणी चालते, आणि तिच्या उत्तरांवरून खोली रिकामी आहे की ‘कालच गेली’ हे ठरते. मी या काकूंना सर्वस्वी दोष देणार नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला आपल्या माडीवर चार अनोळखी तरुण ठेवताना धास्ती वाटणे स्वाभाविक आहे, आणि तिला हमी म्हणून दुसरे काही मिळत नाही, तेव्हा ती आडनावावरून हमीचा अदमास घेते. हा अदमास अन्यायाचा असतो, तो बहुधा चुकतोही. पण त्या उलटतपासणीत जे मूल नापास होते, त्याच्यासाठी रेल्वे रुळाकडची, खिडकी नसलेली, पत्र्याखालची खोली उरते आणि तिचे भाडे मात्र हवेशीर खोलीहून कमी असतेच असे नाही. कारण ज्याला दुसरीकडे कोणी घेत नाही, त्याच्यापाशी घासाघीस करण्याचे बळच नसते.

त्यातून अनामतीचे प्रकरण. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम रोख द्यावयाची, पावती मागितली तर ‘विश्वास नाही का?’ असा प्रतिप्रश्न ऐकावयाचा, आणि वर्षअखेरीस रंगकामाच्या नावाखाली तीतून किती कापले जाईल याचा विचार करीत गप्प बसावयाचे, हा शिरस्ता झाला आहे. करारनामा झालाच तर तो ११ महिन्यांचा, मुद्रांकाच्या कागदावर, आणि ‘वर्षाच्या आतला करार, नोंदणीची गरज नाही’ या सर्वमान्य समजुतीवर. ही समजूत महाराष्ट्रापुरती तरी निखालस चुकीची आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये भाड्याचा असो की ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असो, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत काहीही असो, तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे, कसूर झाल्यास ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे असा दस्त नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावयाचे आहे. इतके धारदार शस्त्र कायद्याने ज्याच्या हाती दिले, तो अठरा वर्षांचा मुलगा ते आपल्या हाती आहे हे जाणतच नाही. आणि जाणले तरी पुढल्या वर्षीची खोली ज्याच्याकडून हवी, त्या मालकाविरुद्ध तो ते उपसणार कधी?

करार न नोंदविण्याच्या या अनास्थेची किंमत काहींना फार जबर पडते. शासकीय वसतिगृहासाठी पात्र असूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाह यांसाठी स्वाधार योजनेखाली शहरपरत्वे वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळण्याची सोय आहे. पण त्यासाठी आपण भाड्याने राहतो याचा पुरावा दाखल करावा लागतो. तेव्हा ज्याला आडनावामुळे मुश्किलीने खोली मिळाली, त्यालाच तिचा कागद मिळणे अधिक मुश्किल, आणि कागद नाही म्हणून भाड्यासाठी मिळणारा पैसाही अडणार, असे हे चक्र फिरत राहते. समाजकल्याणच्या दप्तरात बसून ते चक्र दिसत नाही. ते पाहण्यासाठी नेमिनाथनगराच्या एखाद्या जिन्यावर उभे राहावे लागते.

मालक कागद का करीत नाहीत, याचे उत्तर निव्वळ दुष्टपणात शोधणेही बरोबर नव्हे. भाड्याने दिलेल्या भागाची घरपट्टी वाढते, आणि नोंदणीकृत दस्त म्हणजे आपणहून महापालिकेच्या हाती दिलेला पुरावा, असा त्यांचा हिशेब असतो. शिवाय येथील माडीला गिऱ्हाईक कधीच कमी पडत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, जिथे ४५ फूट ही धोक्याची रेषा मानतात, तेव्हा गावभागातील व नदीकाठच्या वस्त्यांतील कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी ज्या उंचवट्यांकडे निघाली, त्यांत विश्रामबाग होती. आणि पाणी येथवर येत नाही ही गोष्ट भाड्याच्या आकड्यात तेव्हापासून मुकाट्याने मिळविली गेली आहे. नदीकडे स्वस्त खोली घेणारा विद्यार्थी हाही ओळख नसलेल्यांपैकीच असतो, हे वेगळे सांगावयास नकोच.

आता कामाकडे वळू. विश्रामबागेत अर्धवेळ काम नाही असे नव्हे. मंगल कार्यालयांत वाढप्यांना मागणी आहे, औषधांच्या दुकानांत संध्याकाळी हिशेबाला मुले लागतात, कुपवाडच्या कारखान्यांत रात्रपाळीची मदत लागते, अभ्यासिकांना राखणदार हवा असतो, आणि अलीकडे पाठीवर झोमॅटोची लाल पेटी बांधून शंभर फुटी रस्त्याने धावणाऱ्यांत इंजिनिअरिंगची मुले किती आहेत हे त्यांच्या ओळखपत्रांवरून नव्हे तरी बोलण्यावरून सहज कळते. पण या कामांत एक उतरंड आहे. शिकवणी हे प्रतिष्ठेचे काम, म्हणून ते ओळखीनेच मिळते. प्राध्यापक शब्द टाकतात, शेजारी शेजाऱ्याला सांगतो, आणि मुलाच्या हुशारीइतकेच त्याच्या घराण्याचे वजन तेथे लागू पडते. ज्याला असा शब्द टाकणारा कोणी नाही, तो लग्नाच्या पंगतीत पाणी वाढतो, आणि आपल्याच वर्गातली मंडळी जेवावयास आली तर ताटांच्या ढिगाआड उभा राहतो.

ही लाज या मातीतली नव्हे, ती मागाहून शिकलेली आहे; कारण ज्या वर्षी विलिंग्डनची स्थापना झाली, त्याच १९१९ साली, येथून फार दूर नसलेल्या काले गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. भाऊराव स्वतः साताऱ्यात शिकवण्या करीत आणि ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले जात. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते खेडोपाडी हिंडले. कोल्हापुरात विद्यार्थी असताना अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास नकार दिला म्हणून जैन वसतिगृहातून बाहेर पडावे लागलेला हा माणूस, ‘आडनाव काय?’ या प्रश्नाची धार अंगावर घेऊनच साताऱ्यास आला होता. तेथे १९२४ साली त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे जे वसतिगृह काढले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते ज्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले, त्यात मुलांनी एकत्र राहावे, एका पंगतीस बसावे आणि स्वतःच्या श्रमाने स्वतःचा खर्च शक्य तितका भागवावा, असा दंडक होता. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणातही आले. या योजनेची स्तुती आपण जयंतीच्या भाषणांत पुष्कळ करतो, परंतु तिचे मर्म आपल्या ध्यानी येत नाही असे मला वाटते. श्रमाची प्रतिष्ठा हा तिचा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग असा की मुलाला काम आणि छप्पर मिळण्यासाठी त्याची कोणाशी ओळख असण्याची गरजच भाऊरावांनी काढून टाकली. जी हमी काकू आडनावात शोधतात, ती हमी तेथे संस्थेने स्वतः घेतली.

आमच्या ओळखीतल्या अनेक घरांतील मुले अमेरिकेत शिकावयास जातात. तिकडे विद्यार्थी परवान्यावर गेलेल्यास सत्र चालू असता विद्यापीठाच्या आवारातच, आणि आठवड्यास २० तासांपर्यंत, काम करता येते. म्हणून ग्रंथालयात पुस्तके लावणे किंवा भोजनगृहात भांडी विसळणे हे त्यांच्या पत्रांत आणि फोनवर अभिमानाने येते, आणि इकडे आईबाप ते शेजाऱ्यांना सांगतात. तोच मुलगा विश्रामबागेतल्या खानावळीत ताटे उचलताना दिसला असता तर त्याच आईबापांनी किती रात्री जागून काढल्या असत्या! फरक भांड्यांत नाही. तिकडे काम मिळण्याचा मार्ग विद्यापीठाने आखलेला आणि नोंदलेला आहे, म्हणून त्यास दर्जा आहे. इकडे तो कोणा मुकादमाच्या मर्जीवर आहे, म्हणून तो लपवावासा वाटतो.

वापरलेल्या वस्तूंच्या बाबतीत मात्र दोष माणसांहून पंचांगाचा अधिक. शेवटच्या वर्षाची मुले मे-जूनमध्ये गाव सोडतात, आणि नवी मुले प्रवेशफेऱ्यांचा घोळ संपता संपता ऑगस्टात, कधी त्याहूनही उशिरा येतात. मधल्या दोन-अडीच महिन्यांत लोखंडी कॉट, गाद्या, टेबले, पंखे, ड्रॉइंग बोर्ड, ड्राफ्टर, सायकली यांचे करावयाचे काय? ज्याच्यापाशी खालच्या वर्गातला ओळखीचा मुलगा आहे, तो वस्तू त्याच्या खोलीत टाकून जातो. बाकीच्यांच्या खोलीवर भंगारवाला येतो, आणि अजून दहा वर्षे टिकेल अशी कॉट किलोच्या भावाने तराजूवर चढते. ऑगस्टात आलेला मुलगा तीच कॉट नव्या दुकानातून नव्या किमतीस घेतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात विक्रेत्याचा आणि गिऱ्हाइकाचा काडीचाही परिचय नसता व्यवहार होतो, कारण तेथे वस्तू वाट पाहत पडून राहू शकते. विश्रामबागेत तिला वाट पाहावयास जागाच नाही. मोबाईलवरचे गट निघाले तरी ही अडचण सुटत नाही; गटात शिरावयास पुन्हा कोणी तरी आत घेणारा लागतो, आणि गादी काही मोबाईलमध्ये मावत नाही.

माझी सूचना अगदी लहान आहे. येथील महाविद्यालयांनी मिळून, आणि महापालिकेने घरपट्टीत सवलत देऊन, खोल्यांची आणि कामांची एक उघडी नोंदवही ठेवावी. जो मालक करार रीतसर नोंदवील, अनामतीची पावती देईल आणि आडनाव न विचारता क्रमाने खोली देण्यास कबूल होईल, त्याच्या त्या माडीवरील वाढीव घरपट्टी माफ करावी. महापालिकेचे नुकसान फारसे नाही, कारण लपविलेल्या भाड्यावर तिला आजही काही मिळत नाही. मालकाला हवी असलेली हमी महाविद्यालयाने द्यावी, म्हणजे विद्यार्थ्याच्या वर्तनाविषयी तक्रार आल्यास ऐकून घेणारा एक जबाबदार कारकून असावा. कामाच्या पानावर दर तासाचा मोबदला लिहिल्यावाचून कोणाची मागणी नोंदवू नये, मग तो शिकवणी मागणारा वकील असो की वाढपी मागणारा आचारी. आणि मे ते ऑगस्ट या काळात एखादे जुने कर्मशाळेचे दालन वस्तू ठेवण्यास मोकळे करावे; देणाऱ्याने चिठ्ठीवर किंमत लिहून जावे, विक्रीचा पैसा त्याच्या खात्यावर मागाहून जमा व्हावा. कुलूप आणि उंदरांचा बंदोबस्त यांपलीकडे त्यास फारसा खर्च येणार नाही, मात्र दालन एप्रिलअखेर रिकामे करून ठेवावे लागेल, कारण शेवटच्या परीक्षेचा पेपर सुटतो त्याच दुपारी भंगारवाल्याची हातगाडी दाराशी उभी असते.

— पांथस्थ