वीस गुणांचा शिक्का

२०२४ साली महाराष्ट्र राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद चर्चेत आली आणि शिक्षकांच्या खोल्यांपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत दोन तट पडले. दहावीला गणितात किंवा विज्ञानात पस्तीस गुण पडले नाहीत, पण निदान वीस पडले, तर विद्यार्थ्याला नापास करायचे नाही. त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा मारायचा की, याला यापुढे गणित वा विज्ञानावर आधारलेले शिक्षण घेता येणार नाही. शेरा नको असेल तर त्याने त्या विषयाच्या परीक्षेला पुन्हा बसावे. एका तटाने या तरतुदीला दया म्हटले, दुसऱ्याने दर्जाची हत्या. मला दोन्ही बाजू मान्य नाहीत. आपल्या प्रश्नपत्रिकेतून मुलाला गणित किती समजले हे कळतच नाही, मग उत्तीर्णतेची रेघ पस्तिसावर ओढली काय आणि विसावर ओढली काय, त्या रेघेला अर्थ नाही.

आधी वीस गुणवाल्यांचे म्हणणे ऐकू, कारण त्यात पोटतिडीक आहे आणि ती खरी आहे. गणितात नापास झाला म्हणून शिक्षण सुटलेली मुले प्रत्येक गावात आहेत. आयटीआयच्या बऱ्याचशा ट्रेडना दहावी पास लागते. मुलगी एका विषयात राहिली की घरात तिच्या पुस्तकांऐवजी स्थळांची चर्चा सुरू होते. शिवणकाम, स्वयंपाक, चित्रकला, शेती यांत हात बसलेल्या मुलाला त्रिकोणमितीने का अडवावे, असा हा सवाल आहे. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयानेही गणित पर्यायी ठेवता येईल का, अशी विचारणा केली होती. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या सवलतींना या लेखात कुठेही हात लावलेला नाही, त्या आणखी सुलभ व्हायला हव्यात.

पण या युक्तिवादातून वीस गुणांचा शेरा निघत नाही. मुलाला अडवू नये, एवढेच त्यातून निघते. आणि न अडवण्याच्या वाटा आपल्याकडे आधीपासून आहेत. गणित आणि विज्ञान मिळून सत्तर गुण आणि प्रत्येकात किमान पंचवीस, ही गटाची सवलत राज्य मंडळाच्या नियमांत आहे. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी घेऊन अकरावीत बसता येते. जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते. या सगळ्यावर नव्या तरतुदीने जास्तीचे काय दिले? शिक्का. पंधरा वर्षांच्या मुलाला सरकारी कागदावर सांगायचे की ही दारे तुला बंद झाली.

तो कागद मुलाच्या हातात राहणार आहे. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत दहावीला गणित आणि इंग्रजी उत्तीर्ण असण्याची अट असते. शेरा असलेली गुणपत्रिका तिथे चालेल का? आराखडा लिहिणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे. ज्या मुलाची वाट मोकळी करायची म्हणून हे चालले आहे, त्याला सर्वांत जवळची नोकरी हीच असते.

आणि शिक्का कुणावर बसेल? गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे आणि इतिहासाचे सर समीकरणे शिकवतात, अशा शाळेतल्या मुलावर. ज्याच्या घरी क्लासची फी भरता येत नाही त्याच्यावर. सहावीत अपूर्णांकांची बेरीज कच्ची राहिली आणि पुढे कुणी थांबून विचारले नाही, त्याच्यावर. यातला एकही गुन्हा त्याचा नाही. तरी शेरा त्याच्या नावापुढे येणार. व्यवस्थेने शिकवले नाही, याची नोंद शिकणाऱ्याच्या गुणपत्रिकेत करणे मला अन्यायाचे वाटते, आणि या शब्दाहून सौम्य शब्द वापरायची माझी तयारी नाही.

आता दुसरा तट. हे लोक म्हणतात, पस्तीसची रेघ हलवली की दर्जा गेला. मुलांना कष्ट नकोत, पालकांना टक्के हवेत, म्हणून कुणीतरी ठाम उभे राहायला हवे. या म्हणण्यामागची कळकळही मला कळते. माझी विनंती एवढीच की, ज्या पस्तीस गुणांचे आपण रक्षण करतो आहोत ते कशाचे बनलेले आहेत ते एकदा मांडून पाहू.

गणिताच्या शंभरांपैकी वीस गुण अंतर्गत. ते शाळा देते. वही पूर्ण असेल, मूल हजर असेल, तर त्यातले सतरा-अठरा देण्याचा प्रघात आहे. आपला निकाल खाली यावा असे कोणत्या शाळेला वाटेल? म्हणजे उरलेल्या ऐंशीतून सतरा मिळवले की पस्तीस झाले. भाग १ आणि भाग २ या चाळीस-चाळीस गुणांच्या पत्रिका. प्रत्येकीत चार गुणांचे पर्याय निवडायचे प्रश्न आणि सात गुणांच्या ‘कृती’. दोन्हींचे मिळून बावीस गुण. एकही उदाहरण स्वतः न सोडवता, एकही सिद्धता न लिहिता, पर्यायांना खुणा करून आणि चौकटी भरून पास होता येते. आणि अंतर्गत गुण धरूनच वीस मोजायचे ठरले, तर लेखी परीक्षेत दोन-तीन गुण पुरतील. मग पस्तीसवाल्यांनी कशाचा दर्जा वाचवला आणि वीसवाल्यांनी कशावर दया केली?

टक्केवारीकडे पाहू. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला, भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले अंतर्गत गुण काढून टाकले गेले, आणि निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली. अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के. या तीन मार्चमध्ये महाराष्ट्रातली मुले आधी मठ्ठ आणि मग हुशार झाली, असे कुणी म्हणणार नाही. गुण वाटायची पद्धत बदलली की निकाल बदलतो. त्या आकड्यांवर दर्जाची लढाई लढणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

‘कृती’ हा शब्द वर आला. कल्पना चांगली होती. पुरी सिद्धता ज्याला जमत नाही, त्याला निदान मधल्या पायऱ्या कळाव्यात. प्रत्यक्षात काय होते ते एका साध्या वर्गसमीकरणावर पाहा: क्ष² − ७क्ष + १२ = ०. छापलेले असते क्ष² − ४क्ष − ☐ + १२ = ०, खाली क्ष(क्ष − ४) − ☐(क्ष − ४) = ०, मग (क्ष − ४)(क्ष − ☐) = ०, म्हणून क्ष = ४ किंवा क्ष = ☐. मुले हे भराभर भरतात, कारण अपेक्षित प्रश्नसंचातून त्यांनी अशा चौकटींचा घाट पाठ केलेला असतो. पूर्ण गुण मिळतात. आता त्याच मुलांना विचारा की शेवटच्या ओळीत दोन वेगळी उत्तरे का निघाली. वर्गात शांतता पसरते. गुणाकार शून्य असेल तर दोघांपैकी एक शून्य असलाच पाहिजे, या एका गोष्टीवर सगळी रीत उभी आहे, आणि नेमके तेच कुणी विचारलेले नसते.

म्हणून मी वर्गात दुसरा प्रश्न घालतो. फळ्यावर लिहितो: (क्ष − ४)(क्ष − ३) = ६. एका मुलाने उत्तर काढले, क्ष − ४ = ६ किंवा क्ष − ३ = ६, म्हणून क्ष = १० किंवा ९. बरोबर आहे का? पहिल्या बाकावरचे बहुतेक जण मान डोलावतात. मग एखादी मुलगी, बहुधा जिचे नाव हुशारांच्या यादीत नसते ती, दहा घालून बघते. सहा गुणिले सात, बेचाळीस. “सर, सहा यायला पाहिजे ना?” इथून गणित सुरू होते. कुणी क्षच्या जागी एकेक संख्या घालत सहा आणि एक ही उत्तरे शोधून काढतो. कुणी कंस उघडून क्ष² − ७क्ष + ६ = ० पर्यंत नेतो. कुणी सांगतो की शून्याची जादू सहाला नाही, कारण सहाचे दोन, तीन, वजा दोन, वजा तीन असे कितीतरी तुकडे पडतात. एकच प्रश्न, पण त्यात उतरायच्या पायऱ्या अनेक. जो केवळ किंमत घालून चूक दाखवतो त्यालाही एक गुण देता येतो, आणि तो गुण त्याने मिळवलेला असतो.

माझे मंडन या प्रश्नाभोवती आहे. मुलांना दोन गटांत तोडणारी रेघ नको, ज्यात प्रत्येकाला काही ना काही करता येईल अशी पत्रिका हवी. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी गणित-अध्यापनावर जे आधारपत्र तयार झाले, त्यात हेच दुखणे सांगितले होते: विषयाची भीती, हुशार आणि मागे पडलेले दोघांचीही निराशा करणारा अभ्यासक्रम, आकडेमोडीलाच गणित समजायला लावणारी ढोबळ परीक्षा आणि शिक्षकांची अपुरी तयारी. दोन दशके झाली. पुस्तके बदलली, बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ आले, जीएसटी आणि शेअर आले. हे बदल स्वागतार्ह आहेत. परीक्षा मात्र तिथेच उभी आहे. आणि माध्यमिक शाळेत परीक्षा जिथे उभी असते तिथेच शिकवणे उभे राहते, हे कोणताही शिक्षक सांगेल.

तेव्हा प्रत्येक पत्रिकेतल्या चाळीसपैकी निदान दहा गुण चूक शोधणे, कारण सांगणे आणि उत्तराचा अंदाज तपासणे यांना द्यावेत. जीएसटीचेच घ्या. एकूण बिल ११८० रुपये, कर १८ टक्के, तर कर किती? एकजण ११८० चे १८ टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे म्हणतो, दुसरा १८० म्हणतो. कोण चुकला आणि का, हे चार ओळींत लिहायला लावा. उद्या हाच मुलगा दुकान टाकेल. बचत गटाचे दरमहा शेकडा दोनचे कर्ज वर्षाला चोवीस टक्के पडते, हे त्याच्या आईला समजावेल. ‘याला गणित नको’ असा शेरा ज्याच्यावर मारायचा, त्यालाच या गणिताची सर्वांत जास्त गरज आहे, कारण फसवला जाणाराही तोच असतो.

सूत्रे पत्रिकेतच छापा. शंकूचे घनफळ पाठ असणे आणि धान्याच्या राशीत किती पोती निघतील याचा अंदाज करता येणे, यातले दुसरे मला मोलाचे वाटते. अंतर्गत वीस गुणांतले दहा तोंडी परीक्षेला ठेवा. मुलाने स्वतः निवडलेले एक उदाहरण पाच मिनिटांत शिक्षकाला समजावून सांगायचे, आणि शिक्षकाने त्यातली एक संख्या बदलून पुढे काय होईल ते विचारायचे. पाठांतर तिथे टिकत नाही.

सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून बेसिक आणि स्टँडर्ड अशा दोन पत्रिका सुरू केल्या, अभ्यासक्रम एकच ठेवला. ही वाट वीस गुणांच्या शेऱ्यापेक्षा सरस आहे, कारण तिथे मूल आधी निवडते, नापास झाल्यावर त्याला ठरवून दिले जात नाही. पण आपल्याकडे ती निवड मूल करणार नाही, निकालाची काळजी असलेली शाळा करेल, अशी मला रास्त भीती वाटते. नववीत मुलाला बाजूला काढून खासगीरीत्या दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायची रीत अनेक ठिकाणी आहे. शंभर टक्के निकालाच्या फलकामागे ही मुले असतात. तीच मंडळी उद्या अर्ध्या वर्गाला बेसिकमध्ये बसवतील.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो: दरवर्षी पंधरा लाखांच्या वर मुले बसतात, ‘कारण सांगा’ची उत्तरे सारखी तपासणार कोण? याच राज्यात याच मुलांचे मराठीचे निबंध तपासले जातातच. भाषेच्या शिक्षकाच्या निर्णयावर मंडळ विश्वास ठेवते, मग गणिताच्या शिक्षकाला आदर्श उत्तरपत्रिकेतल्या पायऱ्या मोजणारा कारकून का करावे? दोन वर्षे आधी नमुना पत्रिका द्या, तपासलेल्या उत्तरांचे नमुने द्या, मॉडरेटरांच्या बैठकांत त्यांवर वाद होऊ द्या. शिक्षक तयार होतील. आज त्यांच्याकडे तशी मागणीच कुणी करत नाही.

आणि हे सगळे दहावीच्या मार्चमध्ये उगवणार नाही. आठवीपर्यंत पुढे ढकलत आलेले मूल नववीत येते तेव्हा वजा तीनातून वजा पाच काढताना अडखळते, आणि आपण त्याला बहुपदींचा भागाकार शिकवायला घेतो. नववीचे पहिले सहा आठवडे अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी आणि गुणोत्तर यांसाठी मोकळे सोडा, आणि तेवढा भाग अभ्यासक्रमातून उघडपणे कमी करा. नाहीतर शिक्षक तो वेळ काढूच शकणार नाही. गणिताच्या रिकाम्या जागा त्याआधी भरा. हे झाल्यावर कुणी वीस गुणांचा विषय काढला, तर मी त्याच्याशी बोलायला तयार आहे.