घरचे आरोग्य : लिम्फोसाइट वाढले म्हणजे काय?

गेल्या महिन्यात कोकणातून एका भगिनीचे पत्र आले. सोबत मुलीच्या सीबीसी रिपोर्टची झेरॉक्स. मुलीला पाच दिवस ताप होता, तो उतरला. पण ‘लिम्फोसाइट ५८ टक्के’ ही ओळ ठळक छापलेली आणि पुढे चांदणी. भावाने मोबाइलवर शोधले, तर पहिल्याच पानावर रक्ताचा कर्करोग! ‘मुलीची मंगनी ठरली आहे. तारीख पुढे ढकलावी का? तिच्या अब्बांना अजून काही सांगितलेले नाही,’ असे त्या लिहितात.

चांदणीला घाबरण्याआधी आम्ही त्याच रिपोर्टातली वरची ओळ वाचली. एकूण पांढऱ्या पेशी ३,२००. मोठ्या माणसात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. म्हणजे इथे काही वाढलेले नव्हते, उलट कमी झाले होते.

पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार आहेत. सर्वांत जास्त न्यूट्रोफिल, त्यांच्याखालोखाल लिम्फोसाइट. टक्केवारी फक्त वाटा सांगते. दस्तरखानावर दहा माणसे बसली आहेत, त्यांत तीन मुले. चार मोठी माणसे उठून गेली, की उरलेल्या सहांत मुले निम्मी होतात. पण एकही मूल नव्याने आलेले नसते. डेंग्यू, टायफॉइड आणि कित्येक व्हायरल तापांत न्यूट्रोफिल उतरतात आणि लिम्फोसाइटचा वाटा फुगलेला दिसतो.

म्हणून हिशेब करावा. ३,२०० चे ५८ टक्के म्हणजे १,८५६. मोठ्या माणसात लिम्फोसाइट साधारण १,००० ते ४,००० असतात. काही लॅब वरची मर्यादा थोडी अधिक धरतात. म्हणजे या मुलीचे लिम्फोसाइट ठीक आहेत. बऱ्याच रिपोर्टांत हा आकडा खाली ‘अ‍ॅब्सोल्यूट’ या शब्दापुढे छापलेलाच असतो, फक्त तिथपर्यंत कोणी पोहोचत नाही. तिथे १.८५ असे दिसले तर ते हजारांत आहे, हे ध्यानात ठेवावे.

लहान मुलांच्या बाबतीत तर चांदणी हमखास फसवते. चार-पाच वर्षांपर्यंत मुलांत लिम्फोसाइटच जास्त असतात, ही त्या वयाची रीत आहे. तीन वर्षांच्या निरोगी बाळाचे ५५ टक्के आले तर नवल नाही. पण कित्येक ठिकाणी रिपोर्टावर मोठ्यांचीच मर्यादा छापलेली असते, आणि बिचारी आई रात्रभर जागते. मुलाचे वय पाहून मर्यादा छापायला लॅबवाल्यांना काय जड जाते, कोण जाणे.

लिम्फोसाइट कमी आले तरी हाच हिशेब. न्यूमोनियात एकूण पेशी १८,००० आणि लिम्फोसाइट ८ टक्के असतील, तर आकडा १,४४० येतो, म्हणजे पुरेसा. मात्र दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर लिम्फोसाइट खरोखर उतरतात. ते डॉक्टरांना आठवणीने सांगावे. गोळी मनाने बंद करू नये.

मग काळजी कधी करावी? घरातल्या दादाजान-नानीजानच्या रिपोर्टात अ‍ॅब्सोल्यूट आकडा ५,००० च्या वर असेल आणि तीन महिन्यांनीही तसाच राहिला किंवा चढला, तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे. फ्लो सायटोमेट्री नावाची तपासणी ते सांगतील. उतारवयात एक संथ चालणारा रक्ताचा कर्करोग असा सापडतो, आणि त्यातही बऱ्याच जणांना लगेच औषध लागत नाही. नुसती देखरेख पुरते. मानेत किंवा काखेत न दुखणाऱ्या गाठी, वजन उतरणे, रात्री कपडे भिजेपर्यंत घाम, वारंवार ताप, अंगावर निळे डाग, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही घसरलेले, यांतले काही असेल तर वय कोणतेही असो, तीन महिने थांबू नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या मुलीत यातले काहीच नाही. प्लेटलेट १,६०,००० आहेत. आमचे म्हणणे इतकेच, की रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा, दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये सीबीसी पुन्हा करावी आणि जुना कागद सोबत न्यावा. ‘इम्युनिटी’च्या बाटल्यांवर पैसे घालू नयेत. मुलीच्या अब्बांना आजच सांगावे. मंगनीची तारीख हलवण्याचे कारण या कागदात आम्हाला दिसले नाही.