शाळेत मिळणारी जंतांची गोळी नेमकी कुठे काम करते?

राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. २०१५ पासून ही मोहीम सुरू आहे. पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. त्रास नसताना गोळी कशाला? आणि मागच्या वेळी दिली होती, मग पुन्हा का?

आधी गोळीचे काम समजून घ्या. जंताच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकमेकांना जोडून त्या तयार होतात. अल्बेंडाझोल या प्रथिनाच्या ‘बीटा’ भागाला एका ठरावीक जागी चिकटते. मग नवे कण जोडले जात नाहीत, जंताला साखर शोषता येत नाही आणि काही दिवसांत तो मरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी शौचात जंत दिसले नाहीत, तरी गोळी वाया गेली असे समजू नका.

हे प्रथिन माणसातही असते, पण औषध त्याला खूपच कमी चिकटते. शिवाय ते आतड्यातून रक्तात थोडेच उतरते. त्यामुळे एका डोसनंतर झालाच तर मळमळ, पोटदुखी असा किरकोळ त्रास होतो.

आता प्रश्नांची उत्तरे. थोडे जंत असले तर लक्षणे दिसत नाहीत, पण त्यांची अंडी शौचातून मातीत मिसळतात आणि इतरांपर्यंत पोहोचतात. औषध शरीरात टिकून राहत नाही, त्यामुळे पुन्हा लागण होऊ शकते.

मग दर महिन्याला गोळी द्यावी का? नाही. शेळ्या-मेंढ्यांना ही औषधे वारंवार दिल्याने काय झाले ते पाहा. औषध चिकटण्याच्या जागेजवळ प्रथिनाचा एखादा घटक बदललेले जंत तेवढे वाचले, त्यांचीच पैदास वाढली आणि अनेक ठिकाणी औषध निकामी ठरले. माणसांसाठी हा इशाराच आहे.

काय कराल?

• १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून पाण्यातून द्या. त्यापुढे ४०० मिलिग्रॅमची एक गोळी द्या; ३ वर्षांपर्यंत ती चुरून पाण्यातून द्या आणि त्यानंतर चावून खायला सांगा.
• मूल आजारी असेल किंवा इतर औषधे चालू असतील, तर आधी सांगा.
• गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
• साबणाने हात धुणे, पायात चप्पल आणि शौचालयाचा वापर ही सवय ठेवा. पोटातले जंत गोळी मारते, मातीतली अंडी नाही.