खमंग की करपलेली?

मराठी माणसाला कॉफीतलं काही कळत नाही असा एक समज आहे, आणि तो पसरवण्यात मराठी माणसाचाच पुढाकार आहे. ‘आपलं बुवा चहाचं घराणं!’ असं म्हणून तो मोकळा होतो. एरवी पाहुणे आले किंवा कुणाला जागरण करायचं असलं, की दुधात चमचाभर पूड आणि वर जायफळ. मग कॉफीबद्दल इतरांनी काहीही सांगावं आणि आपण मान डोलवावी. माझं भांडण या मान डोलवण्याशी आहे.

अहो, बेसन कच्चट राहिलं की लाडू टाळूला चिकटतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. थालिपिठाच्या भाजणीतले धणे जरा जास्त भाजले गेले, तर सासू ते दिवाणखान्यात बसून नाकानं ओळखते. गुलाबी, खमंग, खरपूस, करपट असे भाजण्याचे दर्जे ज्या भाषेत घरोघर बोलले जातात, त्या भाषेतला माणूस दुकानात जाऊन म्हणतो, ‘पाव किलो स्ट्राँग कॉफी द्या!’ कॉफी म्हणजे तरी काय? भाजलेली बीच ना?

कच्ची बी हिरवट असते आणि तिला गवतासारखा वास येतो. भाजताना साधारण १९६ अंश सेल्सियसच्या सुमाराला ती लाह्यांसारखी तडतडते. त्यानंतर लगेच उतरवली तर ती फिकी भाजणी : थोडी आंबट, फळाच्या वासाची, आपलं गाव न विसरलेली. आणखी भाजली की आंबटपणा मावळतो आणि गोडसर खमंगपणा येतो. सव्वादोनशे अंशांच्या आसपास पुन्हा बारीक तडतड होते, बी काळी पडू लागते, अंगावर तेल सुटतं. त्यापुढे कडवटपणा आणि धूर. मग ती बी चिकमगळूरची की ब्राझीलची, हे तिच्या जन्मदात्या झाडालाही सांगता यायचं नाही.

या प्रश्नावर देशात दोन पक्ष आहेत. पहिला कडक पक्ष. ‘कॉफी कशी काळीकुट्ट हवी!’ असं हे लोक मिशीवरून हात फिरवत सांगतात. मिशी नसली तरी सांगतात. पण कडकपणा चमच्यात असतो. पूड वाढवा, पाणी कमी करा, झाली कडक! तरतरी म्हणाल, तर भाजण्यानं कॅफीन फारसं घटत-वाढत नाही. उलट जास्त भाजलेली बी फुगून हलकी होते, म्हणून चमच्यानं मोजली तर ते किंचित कमीच भरतं. शिवाय कालच्या भाजीला लसणीची फोडणी द्यावी, तसे सुमार बीचे दोष काळ्या भाजणीत झाकून जातात. यात सोय कुणाची, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

दुसरा सुसंस्कृत पक्ष. माझा बंगलोरचा भाचा त्यातला. त्याच्या मते भाजणी फिकीच हवी आणि दूध घालणं हे पाप. ‘मामा, यात संत्र्याची चव लागते का?’ असं त्यानं मला विचारलं. म्हटलं, ‘संत्र्याची चव हवी असेल तर मी संत्रं आणीन. नागपूर अजून जागेवर आहे.’ त्याची कॉफी बिनदुधाची चांगली लागते, हे कबूल. पण तिच्यात दूध घातलं की दूध नासायला आलंय की काय, अशी शंका येते. दुधाला मध्यम किंवा तिच्या थोडी पुढची भाजणी लागते. तीच दुधाला पुरून उरते.

माटुंग्याला जाऊन बघा. तिथलं गिऱ्हाईक ‘ऐंशी-वीस’ असं ठणकावून सांगतं. म्हणजे ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी. चिकोरी हे भाजलेलं मूळ, कॉफीशी तिचं नातं फक्त शेजारधर्माचं. आपल्याकडच्या नियमानं मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे न विचारणाऱ्याच्या कपात जवळजवळ निम्मं मूळ असू शकतं!

तेव्हा एक करा. फिकी, मध्यम आणि काळी अशा तीन भाजण्यांची शंभर-शंभर ग्रॅम पूड आणा, बिनचिकोरीची. पूड तेवढीच, पाणी तेवढंच, दूध-साखर रोजच्या सवयीप्रमाणे. कप कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा आणि आठवडाभर प्या. कुठला कप आपोआप रिकामा होतो, ते बघा. मग दुकानदाराला विचारा : किती भाजली? कधी भाजली? त्यानं कपाळाला आठ्या घातल्या तर दुकान बदला.

एवढा खटाटोप एका कपासाठी? हो, एका कपासाठीच. आपल्या आयुष्यात आपल्या आवडीनं ठरलेल्या गोष्टी अशा कितीशा असतात? शाळा वडिलांनी ठरवली, शाखा मार्कांनी, घर कर्जाच्या हप्त्यांनी आणि पडद्यांचा रंग घरातल्या बहुमतानं. सकाळचा कपही जाहिरातीनं आणि भाच्यानं ठरवायचा? काळीकुट्ट आवडली तर खुशाल काळीकुट्ट प्या. पण आवडली म्हणून प्या.

माझी मध्यम ठरली आहे. दुधातली, साखर घालून आणि वर जायफळ. भाच्यानं कपाळाला हात लावला. लावेना का! कपाळ त्याचं आहे, कप माझा आहे.