‘सिट डाउन’ कुणाला म्हणायचं?

बालमित्रांनो, शाळेत पाऊल टाकल्यापासून तुम्ही जे इंग्रजी ऐकत आलात, त्यात ‘स्टँड अप’ आणि ‘सिट डाउन’ यांचा नंबर अगदी वरचा असणार. मग एवढ्या सोप्या गोष्टीवर अख्खं पान कशाला, असं वाटलं ना? थांबा जरा. समजा, बाबांच्या ऑफिसातले साहेब घरी आले आहेत. त्यांना मराठी येत नाही. आई आत कामात आहे आणि दार उघडलंय तुम्ही. तुम्ही हसून, अगदी मनापासून म्हणता, ‘‘अंकल, सिट डाउन!’’ तुमच्या मनात होतं ‘बसा’. त्यांच्या कानांवर मात्र पडलं, ‘बस खाली!’

असं का बरं झालं?

मराठीत मान हा क्रियापदाच्या शेपटात असतो. धाकट्या भावाला आपण ‘बस’ म्हणतो, पाहुण्यांना ‘बसा’. फारच मोठं कुणी असेल तर ‘बसावं’. इंग्रजीतल्या ‘सिट’ला असं शेपूटच नाही. समोर धाकटा भाऊ असो की मुख्याध्यापक, ‘यू’ एकच आणि ‘सिट डाउन’ही एकच! मग इंग्रजी बोलणारे लोक एकमेकांना मान देत नाहीत की काय? देतात तर! फक्त तो मान क्रियापदात दडलेला नसतो, आजूबाजूच्या शब्दांत असतो. तो आपण आठवणीनं घालावा लागतो. विसरलो, की उरतो तो नुसता हुकूम.

आधी या ‘डाउन’चं काम समजून घेऊ. नुसतं ‘सिट’ म्हणजे बसलेलं असणं. ‘शी सिट्स निअर द विंडो’, म्हणजे ती खिडकीजवळ बसते. ‘सिट डाउन’मध्ये मात्र हालचाल आहे. उभा माणूस खाली बसला, तर ‘ही सॅट डाउन’. आणि आडवा झालेला माणूस उठून बसला तर? ‘ही सॅट अप’! आपणही ‘खाली बस’ आणि ‘उठून बस’ असं वेगवेगळं म्हणतोच की. म्हणून तर जमिनीवर पाठ टेकून निजायचं आणि कमरेतून उठून बसायचं, त्या व्यायामाला ‘सिट-अप्स’ म्हणतात. आपल्याकडे उठाबशांनाही बरेच जण ‘सिट-अप्स’ म्हणतात, पण परदेशात तसं म्हणालात तर ऐकणारा तुम्हाला जमिनीवर आडवं व्हायला सांगेल! उठाबशांना जवळचा शब्द आहे ‘स्क्वॉट्स’.

आता मुख्य मुद्दा. कुणाला काय म्हणायचं? पायरी पायरीनं वर चढू या.

नुसतं ‘सिट!’ हे कुत्र्याला शिकवताना म्हणतात. माणसांना शक्यतो नको, बरं का!

‘सिट डाउन.’ हे वर्गात बाई म्हणतात, घरी आई म्हणते, मित्र मित्राला म्हणतो. त्यात काही वाईट नाही. पण ते मोठ्यानं लहानाला किंवा बरोबरीच्यानं बरोबरीच्याला म्हणायचं.

‘प्लीज सिट डाउन.’ यात ‘प्लीज’ आलं, की हुकूम बराच मऊ होतो. मात्र आवाजही मऊ हवा. दात-ओठ खाऊन म्हटलेलं ‘प्लीज’ कुणालाच गोड लागत नाही.

‘डू सिट डाउन.’ हा ‘डू’ म्हणजे आपल्या ‘बसा ना!’मधला ‘ना’. त्यात आग्रह आहे, आपुलकी आहे.

‘प्लीज हॅव अ सीट’ किंवा ‘प्लीज टेक अ सीट.’ दारी आलेल्या पाहुण्यांना म्हणायचं वाक्य हेच. शब्दाला शब्द ठेवून अर्थ लावलात तर ‘खुर्ची घ्या’ असा होईल आणि पाहुणे खुर्ची उचलून चालू लागतील! पण आपल्या कार्यक्रमांतही निवेदक ‘आसन ग्रहण करावं’ असं म्हणतातच ना? तेच हे.

‘प्लीज बी सीटेड.’ हे सगळ्यांत औपचारिक. सभा, समारंभ अशा ठिकाणी हे ऐकू येतं.

इथं एक फसवी जागा आहे. ‘सिट’ ऱ्हस्व आणि ‘सीट’ दीर्घ! पहिलं क्रियापद, दुसरी बसायची जागा. ‘सिट’चा भूतकाळ ‘सॅट’. ‘सिटेड’ असा शब्दच नाही. ‘बी सीटेड’मधलं ‘सीटेड’ हे दीर्घ ‘सीट’पासून आलंय. तोंडानं दोन्ही म्हणून पाहा, फरक कानाला लगेच कळेल.

दुसरी फसवी जागा गाडीत आहे. रिकाम्या जागेकडे बोट दाखवून आपण विचारतो, ‘‘इथं कुणी आहे का?’’ इंग्रजीत विचारतात, ‘‘इज धिस सीट टेकन?’’ उत्तर ‘नो’ आलं तर हिरमुसून पुढं जाऊ नका. ‘नो’ म्हणजे ‘कुणी नाही, बसा’!

आता तुम्ही म्हणाल, बसायला कसं सांगितलं याचं एवढं काय मोठं? शेवटी बसायचंच ना! तर मग एक खरी घडलेली गोष्ट ऐका.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात ग्रीन्सबरो नावाचं शहर आहे. तिथं वूलवर्थ नावाच्या मोठ्या दुकानात खाद्यपदार्थांचा एक काउंटर होता. काळ्या रंगाच्या लोकांनी दुकानात वस्तू विकत घेतलेल्या चालत, पण त्या काउंटरवर बसून खायचा हक्क फक्त गोऱ्यांना होता. १ फेब्रुवारी १९६० रोजी कॉलेजातले चार कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथं गेले. त्यांनी आधी किरकोळ खरेदी केली, मग ते शांतपणे त्या काउंटरवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही. ते भांडले नाहीत, की त्यांनी आरडाओरडा केला नाही. दुकान बंद होईपर्यंत ते नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, पुढं आणखी. बघता बघता इतर शहरांतही तरुण मुलं अशीच जाऊन बसू लागली. अखेर २५ जुलै १९६० पासून त्या काउंटरवर काळ्या माणसांनाही बसवून वाढायला सुरुवात झाली. त्या काउंटरचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.

अशा आंदोलनाला इंग्रजीत ‘सिट-इन’ म्हणतात. आपण त्याला ‘ठिय्या’ म्हणतो. त्या चौघांना ‘प्लीज हॅव अ सीट’ असं कुणीही म्हणणार नव्हतं. म्हणून ते स्वतःच बसले. पाहा, एखाद्याला बसायला सांगणं म्हणजे ‘तुम्ही आमच्या बरोबरीचे आहात’ असं सांगणं असतं. म्हणून ते नीट सांगायचं.

पालकांनो, तुमच्यासाठी दोन ओळी. मुलांना घरात इंग्रजीची सवय लावताना ‘सिट, सिट’ असे तुकडे वापरू नका. ‘कम अँड सिट डाउन, प्लीज’ असं पुरतं वाक्य म्हणा. मुलं तुमचंच ऐकून उद्या पाहुण्यांशी बोलणार आहेत.

आता तुमची परीक्षा! काय म्हणाल ते वहीत लिहा :

१. बसमध्ये एका आजींना तुमची जागा द्यायची आहे.
२. धाकटी बहीण जेवताना पाटावर उभी राहिली आहे.
३. ताप उतरलेल्या मित्राला औषधासाठी उठून बसायला सांगायचं आहे.
४. स्नेहसंमेलनात तुम्ही निवेदक आहात आणि सगळे प्रेक्षक उभे आहेत.

उत्तरं : १. ‘प्लीज हॅव माय सीट.’ २. ‘सिट डाउन.’ (‘प्लीज’ घातलंत तर बहीण लवकर ऐकेल!) ३. ‘प्लीज सिट अप.’ ४. ‘प्लीज बी सीटेड.’

चारही बरोबर आली? शाब्बास! आता या आठवड्यात घरी येणाऱ्या पहिल्या पाहुण्यांसाठी दार तुम्हीच उघडा. पाहुणे मराठी असतील तर इंग्रजी झाडू नका हं. त्यांना आपलं ‘या, बसा ना’च गोड लागेल.